चिलटांची साक्ष

पोर्शे कंपनीची ९१७ ही शर्यतीची गाडी मार्च १९६९ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. साडेचार लिटरचें, बारा सिलिंडरांचें, हवेनें थंड होणारें तिचें एंजिन पाहून जाणते लोक थक्क झाले. परंतु ज्यांस ती हांकावयाची होती ते निराळ्याच कारणानें धास्तावले. वाऱ्याचा अडथळा कमींत कमी व्हावा म्हणून कारखान्यानें तिचें शेपूट लांब व उतरतें केलें होतें. वेग वाढला कीं तें शेपूट उचललें जाई, मागील चाकांची जमिनीवरील पकड सुटूं लागे. जूनमध्यें ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत पहिल्याच फेरींत जॉन वुल्फ हा चालक या गाडीच्या अपघातांत मरण पावला.

ऑक्टोबरांत ऑस्ट्रियांतील ऑस्टराइखरिंग या मार्गावर गाडीची कसून परीक्षा झाली. पुढील वर्षीं ती जॉन वायर यांच्या इंग्रज संघाकडे यावयाची होती. स्प्रिंगा बदलल्या, धक्काशोषक बदलले, गुण येईना. त्याच सांगाड्याची उघडी गाडी मात्र शेजारींच निर्धास्त धांवत होती. दोष चाकांत नसून अंगावरील पत्र्यांत आहे, हें येथेंच उघड व्हावयास पाहिजे होतें, असें आम्हांस आज सहज म्हणतां येतें!

संघाचे अभियंते जॉन हॉर्समन यांच्या नजरेस एक क्षुल्लक गोष्ट पडली. गाडीचा पुढील भाग मेलेल्या चिलटांनीं भरला होता. शेपटाच्या कडा मात्र स्वच्छ होत्या. जेथें चिलट पोंचलें नाहीं तेथें वाराहि पोंचला नव्हता; मग तो शेपूट खालीं दाबणार कसा? तेथल्या तेथें अॅल्युमिनियमचे पत्रे, रिविटा व चिकटपट्ट्या घेऊन आंखूड, वर चढतें शेपूट उभें केलें. तें ओबडधोबड काम लावून ब्रायन रेडमन यांनीं फेऱ्या मारल्या, आणि गाडी ताब्यांत आली. सरळ रस्त्यावरील वेग थोडा घटला खरा. पण जो वेग चालकाच्या हातीं राहत नाहीं तो कागदावरच शोभतो, असें आमचें मत आहे.

जून १९७० मध्यें आंखूड शेपटाच्या ९१७ नें हान्स हेर्मान व रिचर्ड ॲटवुड यांच्या हातून ल मां जिंकलें. ती गाडी साल्झबुर्गच्या संघाची होती. वायर यांच्या तिन्ही गाड्या त्या शर्यतींत मध्येंच बाद झाल्या.