खुन्याच्या बाजूने

इटलीत सान रेमोजवळ, समुद्रात एका छोट्या मोटरबोटीवर टॉम रिप्ली आपल्या मित्राच्या डोक्यात वल्हे घालतो. डिकी ग्रीनलीफचा दोष एवढाच की तो टॉमला कंटाळलाय. मग टॉम डिकीचे कपडे, अंगठ्या, सही, सगळे आपलेसे करतो. दाराची घंटा वाजली की धास्तावतो मात्र आपण: हा सापडणार तर नाही ना? पॅट्रिशिया हायस्मिथची ही कादंबरी १९५५ची. मेलेल्याबद्दल वाटावी ती काळजी मारणाऱ्याकडे कशी वळली, या प्रश्नापायी मी खुन्याच्या बाजूने सांगितलेल्या कथांकडे पुन्हा पुन्हा येतो.

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार वाचत वाढलेल्या वाचकाला इथे सुरुवातीला परके वाटेल. पाठीशी उभे राहावे असा नायकच नाही. जेम्स केनने १९३४मध्ये खुन्याच्याच तोंडून गोष्ट सांगितली. पुढे स्वस्त पेपरबॅकांतून ही अमेरिकन वाट रुंदावली.

तिच्या टोकाला जिम थॉम्प्सन उभा आहे. त्याचे वडील ओक्लाहोमात शेरीफ होते, आणि ‘द किलर इनसाइड मी’चा (१९५२) निवेदक लू फोर्ड आहे टेक्सासमधला डेप्युटी शेरीफ. हा माणसांना आधी बोलण्यानेच छळतो. गुळगुळीत सुविचार एकामागून एक ऐकवतो. समोरचा सभ्यपणापायी अडकून पडतो. साऱ्या गावाला भोळा वाटणारा हा माणूस खरे काय ते फक्त आपल्याला सांगतो. माझ्या मते या कथांची ओढ दुष्टपणाची नाही, या विश्वासात घेण्याची आहे. कोणी गुपित सांगू लागले की आपण कान देतो, आणि कान दिला की थोडे सामील होतोच. या कादंबरीतली बायकांना झालेली मारहाण वाचवत नाही. ती नीटनेटकी करून न दाखवण्यात मला लेखकाचा प्रामाणिकपणा दिसतो. तरीही तिथे कोणी पुस्तक मिटले, तर त्याला मी कच्चा वाचक म्हणणार नाही. थॉम्प्सन १९७७मध्ये वारला तेव्हा अमेरिकेत त्याचे एकही पुस्तक छापात नव्हते.

वाचकाला खुन्याच्या जवळ नेण्याचे हेच काम डोरोथी ह्यूजने रक्ताचा थेंब न दाखवता केले. ‘इन अ लोनली प्लेस’मध्ये (१९४७) लॉस एंजेलिसमध्ये बायकांचे गळे आवळणाऱ्या डिक्स स्टीलच्या डोक्यात आपण राहतो, पण एकही खून पानावर घडत नाही. त्याला ओळखतात त्या दोन बायका. तो स्वतःला हुशार समजत असताना त्यांच्या नजरेतला बदल आपल्याला आधी कळतो. १९५०च्या चित्रपटाने नायकाला निर्दोष ठरवले. कादंबरीने ती सवलत दिली नव्हती.

नवख्या वाचकाने म्हणूनच ह्यूजपासून सुरुवात करावी, मग हायस्मिथ, आणि थॉम्प्सन शेवटी. डिक्सला ओळखणाऱ्या त्या दोन बायका पहिल्यांदा भेटतील तेव्हा जरा थांबून त्यांच्याकडे नीट बघा.