बालविकास (नाशिक जिल्हा)

गर्भधारणेपासून बाल्यावस्थेपर्यंत होणारी शारीरिक, बौद्धिक व भावनिक वाढ. फलनानंतर सुमारे चार आठवड्यांत मज्जानलिका मिटते. बहुतेकदा आईला दिवस गेल्याचे नुकते कळत असते, म्हणून ही नलिका नीट मिटण्यासाठी लागणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या गर्भधारणेआधीच सुरू करणे इष्ट. जन्मवजन २.५ किलोपेक्षा कमी असल्यास बाळ कमी वजनाचे समजतात. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासाने मात्र वजनकाट्याची मर्यादा दाखवली : इथली नवजात बाळे हलकी, पण त्या मानाने चरबी जास्त. पुढील मधुमेहाची मुळे गर्भावस्थेत शोधावी लागतात, ती यामुळे.

नाशिक जिल्ह्यात माता-बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांत तीव्र आहे. राज्याच्या अमृत आहार योजनेत (२०१५) आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळ चौरस, गरम जेवण मिळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाला अंगणवाडीसेविका रंगीत पट्टी गुंडाळते, घेर ११.५ सेंमी.हून कमी म्हणजे लाल पट्टा, तीव्र कुपोषण. सहा महिन्यांनंतर स्तनपानासोबत वरचा आहार हवा; इथे पिकणारी नागली त्यासाठी उत्तम, कारण तिच्यात कॅल्शियम भरपूर.

दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची वजननोंद आणि आहार मध्येच तुटतो. गावच्या नोंदवहीवर बेतलेली योजना इथेच अपुरी पडते.