कातडी गेली की माणूस का जातो?

मी चिखलीहून बोलतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर.

त्वचेचा आजार म्हटलं की आपल्याला काय आठवतं? खरूज, गजकर्ण, पिंपल्स. कूलंटने हाताला खाज सुटली तरी मलम चोपडून माणूस दुसऱ्या दिवशी शिफ्टला हजर. त्वचेच्या आजाराने माणूस जातो, हे पटकन पटतच नाही. पण काही आजारांत जातो. आणि ते मरण कमी कसं झालं, याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. त्यात एक धागा आपल्या मुंबईचाही आहे.

सुरुवात करू १९२२ पासून. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी दोन मुलांची नोंद केली. ताप, अंगभर पुरळ, तोंड आलेलं, डोळे सुजलेले. या आजाराला पुढे त्यांचंच नाव मिळालं: स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम. मग १९५६ मध्ये स्कॉटलंडच्या अ‍ॅलन लायल यांनी चार रुग्णांचं वर्णन केलं. उकळतं पाणी अंगावर सांडावं तशी त्यांची कातडी सुटत होती. याला म्हणतात टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिस, थोडक्यात ‘टेन’. आज हे दोन्ही एकाच आजाराचे टप्पे मानले जातात. अंगावरची दहा टक्क्यांपेक्षा कमी कातडी सुटली तर पहिला, तीस टक्क्यांच्या वर गेली तर दुसरा. पहिल्यात शंभरातले साधारण पाच ते दहा रुग्ण दगावतात, दुसऱ्यात तीसच्या आसपास.

आता मुद्द्याचा प्रश्न. कातडी गेली तर माणूस का जातो? हृदय चालू असतं, मेंदू शाबूत असतो. मग?

कारण कातडी म्हणजे नुसतं वेष्टन नाही. ती पाणी आत ठेवते, ऊब आत ठेवते आणि जंतू बाहेर ठेवते. निम्म्या अंगाची कातडी सुटली, तर दिवसाला तीन-चार लिटर पाणी त्या उघड्या अंगातून निघून जातं. शरीर गार पडतं. किडनीवर ताण येतो. आणि जंतूंना दार सताड उघडं. बरेचसे रुग्ण शेवटी रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाने जातात.

दुसरा आजार पेम्फिगस. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटते आणि कातडीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करते. फोड येतात, फुटतात, जखमा उघड्या राहतात. १९५० च्या आधी बहुतेक रुग्ण काही वर्षांत जायचे. मग स्टिरॉइड्स आली आणि मृत्यू झपाट्याने घटले. पण त्याची किंमत होतीच. रोज मोठा डोस चालू ठेवला की प्रतिकारशक्ती दबते, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आजाराने वाचलेला माणूस औषधाच्या परिणामांनी जायला लागला.

इथे भारताने वाट काढली. दिल्लीच्या ‘एम्स’मधले डॉ. जे. एस. पसरिचा आणि डॉ. रामजी गुप्ता यांनी १९८४ मध्ये ‘पल्स’ पद्धत मांडली. रोज मोठा डोस देण्याऐवजी दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस सलाईनमधून डेक्सामेथासोन द्यायचं, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइडही. मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची छोटी गोळी. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत ही पद्धत वर्षानुवर्षं चालली.

आता मुंबई. कातडी सुटलेल्या माणसाला झोपवायचं कशावर? चादर चिकटते, आणि ओढली की उरलेली कातडीही निघते. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी केळीच्या पानाचं ड्रेसिंग तपासून पाहिलं. पानं कापडावर चिकटवून निर्जंतुक करायची आणि जखमेवर ठेवायची. २००३ मध्ये त्यांचं संशोधन ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आलं. पान गुळगुळीत, गार, चिकटत नाही, बदलताना दुखत नाही आणि स्वस्त. पेम्फिगस आणि टेनच्या रुग्णांनाही आपल्याकडे केळीच्या पानांवर झोपवतात. ज्या पानावर आपण नैवेद्य वाढतो, तेच पान.

म्हणजे बघा, इथे माणूस वाचतो तो फक्त भारी औषधाने नाही. पाणी मोजून भरणं, अंग उबदार ठेवणं, जखम स्वच्छ ठेवणं, डोळ्यांची काळजी घेणं. यातलं बरंच काम नर्सच्या हातचं.

आणि एक गोष्ट आपल्या हातात आहे: वेळ. टेन बहुतेक वेळा औषधामुळे होतो. फिटच्या काही गोळ्या, सल्फाची औषधं, युरिक अ‍ॅसिडसाठीचं अ‍ॅलोप्युरिनॉल, काही वेदनाशामकं. नवीन औषध सुरू केल्यावर साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत हे दिसतं. २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं, की शरीरातून लवकर निघून जाणारं औषध जितकं आधी थांबवलं, तितका मृत्यूचा धोका कमी. दर दिवसामागे साधारण ३० टक्क्यांनी. त्याच वर्षी फ्रेंच डॉक्टरांनी ‘स्कॉर्टेन’ हे कोष्टक दिलं. वय चाळिशीपुढे, नाडी १२० च्या वर, कॅन्सर, किती कातडी सुटली, रक्तातली युरिया, साखर आणि बायकार्बोनेट, असे सात मुद्दे. शून्य-एक गुण असतील तर धोका तीन टक्क्यांच्या आसपास. पाच किंवा जास्त झाले तर नव्वद.

आपल्या भागात माणूस ड्युटी बुडू नये म्हणून मेडिकलमधून दोन गोळ्या घेतो आणि कामाला लागतो. म्हणून एवढं लक्षात ठेवा. नवीन गोळीनंतर ताप, डोळे लाल, तोंडात फोड, कातडी हात लावल्यावर दुखते किंवा सुटते, असं काही दिसलं तर ‘गरमी झाली’ म्हणून थांबू नका. पुढचा डोस घेण्याआधी, त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. वायसीएम असो, ससून असो. गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या. फिटची गोळी असेल तर घरीच निर्णय घेऊ नका, पण डॉक्टरकडे जायला एक दिवसही लावू नका. आणि बरे झालात की त्या औषधाचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण तेच औषध पुन्हा पोटात गेलं तर तो आजार पुन्हा येऊ शकतो. औषधाच्या अशा परिणामाची नोंद १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री नंबरवर कुणीही करू शकतं.

हा भाग घरात रोज गोळ्या घेणाऱ्या माणसालाही ऐकवा. भेटू पुढच्या भागात.