विरजण आणि मोकळं रान



चैत्र-वैशाखात आपल्या आंबेगाव-जुन्नरकडे गावोगावच्या यात्रा भरतात. निरगुडसरसारख्या गावी पै-पाहुणा जमला, की मोठमोठ्या पातेल्यांतून मटणाचा रस्सा रटरटू लागतो. रात्री थोडाफार उरतोच. मग पातेलं तसंच झाकून ठेवायचं आणि सकाळी भाकरीबरोबर खायचं. “चांगला उकळलेला आहे, त्याला काय होतंय?” असं आपण म्हणतो. या ‘काय होतंय’चीच हकीकत आज सांगावयाची आहे.

शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही. रान नांगरून मोकळं ठेवलं आणि वेळेवर पेरलं नाही, तर ते मोकळं राहत नाही. तण माजतं. अन्नाचंही तसंच आहे. त्यात जंतूंची वस्ती असते आणि जागेसाठी, खाद्यासाठी त्यांची आपसांत झोंबाझोंबी चालते.

हे नीट पाहिलं ते फ्रान्सच्या लुई पाश्चरने. १८७७ साली पाश्चर आणि त्याचा सहकारी ज्युबेर हे काळपुळीच्या जंतूंवर काम करीत होते. निर्जंतुक केलेल्या मूत्रात हे जंतू झपाट्याने वाढत. पण त्याच वेळी हवेतले साधे जंतू त्यात पेरले, तर काळपुळीचे जंतू वाढत नसत. एका जंतूने दुसऱ्याला रोखलं, ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या नजरेत भरली.

आपल्या घरच्या बाईने मात्र पाश्चरचं नावही न ऐकता हाच डाव पिढ्यान्‌पिढ्या साधला आहे. ती दूध तापवते, म्हणजे रान साफ करते. कोमट होताच चमचाभर विरजण लावते, म्हणजे लगेच पेरणी करते. विरजणातले जंतू दुधातली साखर खाऊन आंबटपणा तयार करतात आणि त्या आंबटात पुष्कळशा वाईट जंतूंना वाढता येत नाही.

आता पुन्हा मटणाच्या पातेल्याकडे या. उकळीने रान साफ झालं, पण पेरणी कोणी केली? कोणीच नाही!

१९५३ साली इंग्लंडमध्ये बेटी हॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा विषबाधांचा छडा लावला. मांस आदल्या दिवशी शिजवलेलं, हळूहळू निवलेलं आणि दुसऱ्या दिवशी खाल्लेलं, असा तो प्रकार होता. त्यातला गुन्हेगार जंतू कठीण कवचाचं बीज धरतो. उकळीत बाकीचे मरतात, हे बीज तगतं. रस्सा निवू लागला, की ते रुजतं आणि समोर प्रतिस्पर्धी उरलेला नसतो. ४३ ते ४६ अंश सेल्सियसच्या आसपास हा जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. मोठं पातेलं आत कितीतरी तास कोमट राहतं, हे ध्यानात घ्या.

दुसरा जंतू आपल्या हातावरच्या फोडातला. कच्च्या मांसावर इतर जंतूंपुढे त्याची डाळ शिजत नाही. पण शिजलेल्या मांसाला तो हात लागला, की त्याला मोकळं रान मिळतं. त्याने केलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

मग मांसातही चांगले जंतू पेरता येतील का? १९५५ साली फिनलंडच्या नीनिवारा यांनी खिम्याच्या सॉसेजमध्ये निवडक जंतू मुद्दाम पेरून ते मुरवून दाखवलं. पुढे १९६२ साली इंग्लंडच्या जेमसन यांनी सालमोनेला या रोगजंतूबद्दल दाखवलं, की भांड्यातली एकूण वस्ती भरली म्हणजे त्याचीही वाढ थांबते. जो आधी आणि संख्येने जास्त आला, त्याचं राज्य.

पण यावरून कोणी रश्श्यात दही ढवळून निर्धास्त होऊ नये. उकळत्या रश्श्यात दह्यातले जंतूही मरतात. आणि एकदा बिघडलेलं मांस कोणतंही विरजण सुधारीत नाही. सॉसेजचं मुरवणं हे मीठ, वाळवण आणि मोजमाप यांच्या जोरावर चालतं.

आपल्याला करण्यासारखं सोपं आहे. रस्सा लागेल तेवढाच करावा. पंगत चालू असेतो तो चांगला कढत ठेवावा. उरलाच तर लहान, पसरट भांड्यांत काढून लवकर निववावा आणि थंड जागी ठेवावा. शीतपेटी असेल तर उत्तमच. खाण्यापूर्वी पुन्हा खळखळून उकळावा. हाताला फोड वा जखम असणाऱ्याने वाढायला उभं राहू नये. आणि रात्रभर कोमट राहिलेलं पातेलं सकाळी कितीही चांगलं दिसलं, वास आला नाही, तरी त्याचा मोह धरू नये.

गुरुजनांनी वर्गात हे अवश्य दाखवावं. उकळलेलं दूध दोन पेल्यांत घ्यावं. एकाला विरजण लावावं, दुसरा नुसता ठेवावा. दोन दिवसांनी मुलांना फक्त पाहू द्यावं, चाखू देऊ नये. एका पेल्यात काय उगवलं हे आपल्याला आधीच ठाऊक असतं, कारण ते आपण पेरलेलं असतं. दुसऱ्यात काय उगवेल, याचा भरवसा नसतो.

यात्रेचा पाहुणा आपल्या घरी विश्वासाने जेवतो. त्या विश्वासाला तडा न जावा, एवढ्यासाठी हा खटाटोप.