कोलारची हरवलेली खोली

भेस्तानच्या सपाट भूमीवर राहणाऱ्या आम्हांस कोलारच्या खाणीचे अप्रूप केवळ सोन्यामुळे नाही. माथ्यावर अखंड बरसणारे विश्वकिरण खडकात अडतात. म्हणून दुर्मिळ कण टिपण्यासाठी भूगर्भात उतरावे लागते. तेथेच, सुमारे सव्वादोन किलोमीटर खोलीवर, १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणजन्य न्यूट्रिनो टिपले. २००१ मध्ये खाण बंद पडली. सोन्याचा ताळेबंद मांडताना त्या खोलीचेही मोल धरावयास हवे होते, असे आम्हांस वाटते. कारण पुढे कृष्णद्रव्याचे कण शोधण्यासाठी कोलकात्याच्या साहा संस्थेने जादुगुडाच्या युरेनियम खाणीत प्रयोगशाळा थाटली, ती अवघ्या ५५५ मीटरांवर. अतितप्त द्रवाच्या थेंबात कणाच्या धक्क्याने बुडबुडा उठतो का, हे तेथे पाहिले गेले.