वंशवृक्षाची मांडणी आणि विभागणी : चामराजपेटेतून एक विचार

चामराजपेट हे नाव आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. परंतु ज्यांच्या नावाने ही पेठ १८९२ साली वसविली गेली, ते म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वडेयर हे दत्तकपुत्र होते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. तिसऱ्या कृष्णराजांच्या गादीस वारस नव्हता, म्हणून त्यांनी १८६५ साली आपल्या कन्येच्या मुलास दत्तक घेतले. रक्ताने जो नातू, तो शास्त्राने पुत्र झाला. आता या राजकुलाचा वंशवृक्ष काढावयास बसलेल्या मनुष्याने चामराजेंद्रांचे नाव कोठे लिहावे? कन्येच्या खाली लिहिले तर गादीची परंपरा तुटते. कृष्णराजांच्या खाली लिहिले तर जन्म देणाऱ्या मातेचे नावच पुसले जाते. राजघराण्याचा हा पेच आम्हां सामान्यांच्या घरोघरी आहे, हे आम्हांस मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांच्या वंशावळी गोळा करावयास लागल्यावरच उमगले.

आरंभी आमची कल्पना अगदी भोळी होती. सर्व घराण्यांचे मिळून एक मोठे झाड करावे आणि ते सभागृहाच्या भिंतीवर लावावे, असा बेत होता. चार महिन्यांत कागदाचे भेंडोळे जमिनीवर पसरून आम्ही त्याभोवती गुडघे टेकून बसलो आणि कोणाची रेघ कोणाला जाऊन मिळते, हेच कळेनासे झाले. झाड वाढले, की त्याची विभागणी करावीच लागते. प्रश्न एवढाच, की कुऱ्हाड कोठे घालावी?

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वी सापडले आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून कोकणस्थ घराण्यांचे कुलवृत्तांत छापून निघू लागले. त्यांची रीत अशी, की एका आडनावाचा एक ग्रंथ, त्यात मूळ गावावरून पाडलेली निरनिराळी घराणी आणि घराण्यात पिढ्यांचा क्रम. रियासतकार सरदेसाईंनी ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळींचा जो संग्रह केला, तोही घराणेवारच आहे. ही रीत उत्तम खरी. पण तिचा सारा भार आडनावावर आहे. आमच्याकडे नेमके तेच हरवले आहे. तंजावराकडून आलेल्या देशस्थांनी आणि म्हैसूर संस्थानात नोकरी धरलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी इकडच्या चालीप्रमाणे गावाचे आणि वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावून पुढे आपले नाव व ‘राव’ एवढेच ठेवले. १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण असलेले व्ही. पी. माधवराव किंवा त्यांच्यामागून दिवाणगिरीवर आलेले टी. आनंदराव, ज्यांच्या नावाचे सर्कल आपल्या शहरात आहे, यांची नावे पाहावीत. पुण्याचा मनुष्य त्यांचे आडनाव विचारील, तर त्यास काय सांगावे? ‘राव’ हे आडनाव धरून विभागणी केली असती, तर एकमेकांचे पाणीही न लागणारी पाच-सात कुळे आम्ही एका फांदीवर बसविली असती. म्हणून आम्ही गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव या तीन खुणा विचारू लागलो. भावसार, शिंपी व मराठा घराण्यांत पुष्कळांनी कुलदैवत तत्काळ सांगितले. गाव मात्र थोड्यांनाच आठवले.

येथे भोसले कुळाचे उदाहरण आम्हांस फार उपयोगी पडले. १६३८ साली केंपेगौडांच्या वंशजाकडून विजापूरकरांनी बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. जिजाबाईंच्या पोटी शिवाजीमहाराज, तुकाबाईंच्या पोटी व्यंकोजी. शिवरायांनी महाराष्ट्रात राज्य उभे केले. व्यंकोजींनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेऊन तेथे आपली गादी मांडली. पुढे शिवरायांच्या शाखेतूनही सातारा व कोल्हापूर अशी दोन राज्ये झाली. तेव्हा भोसले वृक्षाची तंजावरी फांदी फुटली, ती आमच्या याच गावाच्या मातीतून, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. ही विभागणी आडनावाने होऊच शकत नाही, कारण आडनाव एकच. ती होते स्थलांतराने : जो पुरुष मूळ ठिकाण सोडून नव्या ठिकाणी स्थिर झाला, त्याच्यापासून नवा पट.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजींच्या काळी, १८०३ मध्ये, भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरलेला आहे. त्याचा मजकूर बाबूराव चिटणीस यांचा. एवढा विस्तृत मराठी शिलालेख दुसरा नाही, अशी त्याची ख्याती. आम्ही तो केवळ अभिमानाने पाहत आलो. वंशावळींचे काम हाती घेतल्यावर मात्र तो कोणी कोरविला हे अधिक महत्त्वाचे वाटू लागले. सरफोजी हे स्वतः दत्तक. दुसऱ्या तुळजाजींनी त्यांना १७८७ साली मांडीवर घेतले. तुळजाजींच्या मागे अमरसिंहांनी ते दत्तविधान अशास्त्र ठरवून घेतले. अकरा वर्षे वाद चालून १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. ज्याच्या वंशाधिकारावर शंका घेतली गेली, त्यानेच पाच वर्षांनी आपला वंश दगडात कोरवून ठेवला. वंशावळ ही निरुपाधिक नोंद नव्हे. ती बहुधा कोणत्या तरी दाव्याच्या कामी लिहिलेली असते. आमच्या घरांतील मोडी कागदही वतनाच्या तंट्यातील किंवा १८५२ नंतरच्या इनाम कमिशनपुढे दाखल करण्यासाठी तयार केलेले निघतात. हरलेल्या भावाची शाखा त्यात ‘निपुत्रिक’ म्हणून सहज मिटविलेली असते. आमच्या एका सभासदाच्या घरच्या कागदात अशी एक ‘निपुत्रिक’ शाखा होती. तिचे वंशज दोन रस्ते पलीकडेच राहतात, हे पुढे आढळले. त्या दोन घरांत पुन्हा जाणे-येणे सुरू झाले आहे. असो.

दुसरी अडचण नावांची. आजोबाचे नाव नातवास ठेवण्याची आपली चाल. तंजावरच्या गादीवरच दोन एकोजी, दोन तुळजाजी आणि दोन सरफोजी. आमच्या घराण्यांत व्यंकट-राम-व्यंकट-राम अशी साखळी पाच पाच पिढ्या चालते. आता संगणकावर वंशावळी करणारी तरुण मंडळी ज्या संकेतस्थळांचा आश्रय घेतात, त्यांत दोन पद्धती आहेत. काही ठिकाणी प्रत्येकाचे झाड स्वतंत्र. काही ठिकाणी, उदाहरणार्थ २००७ साली निघालेल्या ‘जिनी’वर, साऱ्या जगाचा मिळून एकच वृक्ष करण्याचा प्रयत्न, ज्यात एका व्यक्तीच्या दोन नोंदी आढळल्या की त्या एकत्र केल्या जातात. येथेच आजोबा आणि नातू एक होऊन बसतात आणि मधली पिढी नाहीशी होते! आमच्या एका तरुण सभासदाने हौसेने केलेल्या अशा जोडणीमुळे एका गृहस्थास जन्मापूर्वीच तीन मुले झाली होती. ती जोडणी उलगडण्यास त्यास पूर्ण उन्हाळ्याची सुटी लागली. तेव्हापासून एका पिढीस सरासरी तीस वर्षे धरून ताळा पाहिल्यावाचून आम्ही दोन नोंदी जोडीत नाही. घरची मूळ प्रत निराळी ठेवावी आणि सामाईक वृक्षात केवळ मृत व्यक्तींची नावे द्यावीत, असाही नियम केला आहे. हयात माणसांच्या जन्मतारखा जगापुढे मांडण्याचे काही कारण नाही.

पट किती पिढ्यांचा असावा, याचे उत्तर धर्मशास्त्रात आधीच होते. सापिंड्य पित्याकडून सातव्या पिढीपर्यंत आणि मातेकडून पाचव्या पिढीपर्यंत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ही मर्यादा पाच व तीन केली. आम्ही जुनीच मर्यादा घेतली, ती सोवळेपणाने नव्हे, तर सात पिढ्या एका मोठ्या कागदावर वाचण्याजोग्या मावतात म्हणून. बेळगाव-कोल्हापूरकडे हेळवी बैलावर बसून येतात आणि यजमानांचे कूळ तोंडपाठ म्हणून दाखवितात. तेही प्रत्येक यजमान कुळाचा पाठ वेगळा ठेवतात, साऱ्या मुलखाचा एक करीत नाहीत. ज्या पुरुषापाशी एक पट संपतो, त्याचे नाव दुसऱ्या पटाच्या शिरोभागी पुन्हा लिहावयाचे आणि दोन्हीकडे परस्परांचे क्रमांक घालावयाचे. दत्तकाचे नाव दोन्ही घरी : जन्मघरी तुटक रेघेने, दत्तकघरी सलग रेघेने. चामराजेंद्रांचा पेच आम्ही आमच्यापुरता असा सोडविला.

कन्यांचा पेच मात्र सुटलेला नाही. जुन्या कागदांत त्या बहुतेक नाहीतच, आणि सुना आहेत त्या सासरी बदललेल्या नावाने. विवाहित मुलीचे माहेरचे नाव कंसात लिहावे आणि तिच्या संततीसाठी तिच्या सासरच्या पटाचा क्रमांक द्यावा, असे ठरले खरे. पण क्रमांक देण्यास सासरचा पट तर हवा! एका पटावर मूळपुरुषाच्या मुलांपुढे नुसते ‘कन्या ३’ असे लिहिले आहे. त्यांपैकी एकीचे नाव म्हाळसा असावे, असे त्या घरातील वृद्ध आजी सांगतात, कारण त्यांच्या सासूबाई दिवाळीत त्या नावाने एक पणती वेगळी लावीत. आम्ही ते नाव शिसपेन्सिलीने लिहून ठेवले आहे. उरलेल्या दोन जागा रिकाम्या आहेत.