व्ही.पी. सोडवली का? कॅश ऑन डिलिव्हरीची जुनी गोष्ट

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे कसं ना" थोडे कमी केलेत. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.

सुरुवात माझ्या मावशीपासून करतो. मावशी सांगलीत राहते, जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवते आणि दोन वर्षांपासून इन्स्टाग्रामवर विकते. पेज मी बनवून दिलं, त्यामुळे टेक सपोर्टही मीच. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "अरे, तीन गोधड्या परत आल्या. तिन्ही सीओडीच्या. एकाने फोनच उचलला नाही, एक बाई म्हणाल्या आता नको, आणि तिसऱ्याचा पत्ताच सापडला नाही म्हणे."

जायचा खर्च तिचा, परतीचाही तिचा. एका गोधडीला वाटेत काळा डाग पडला, ती आता विकता येणार नाही. पण तिला खरा त्रास झाला तो चौथ्या मेसेजचा. गडचिरोलीहून एका मुलीने लिहिलं होतं, आईच्या साठीला गोधडी द्यायचीय, पण आधी ऑनलाइन पैसे पाठवायची भीती वाटते, मागे एकदा फसलेय, घरी आल्यावर रोख दिले तर चालेल का?

मावशीने मला विचारलं, "हिला काय उत्तर देऊ? नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायची हिंमत होत नाही."

मी नेहमीप्रमाणे म्हणालो, बघून सांगतो. बघायला बसलो आणि थेट 1877 सालात जाऊन पोचलो.

आजीला "सीओडी" म्हणून बघा, कळणार नाही. "व्ही.पी." म्हणा, लगेच कळेल. जुन्या मराठी मासिकांत आणि पुस्तकांच्या जाहिरातींत "व्ही.पी.ने मागवा" असं छापलेलं असायचं. आलेली व्ही.पी. पैसे भरून ताब्यात घेणं म्हणजे ती "सोडवणं". शब्द किती बरोबर आहे बघा. वस्तू तुमच्या नावाने आलीय, पण पोस्टाकडे अडकून पडलीय. पैसे टाका, सोडवून न्या.

व्ही.पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल. भारतात पोस्टाने ही सेवा 1877 मध्ये सुरू केली. युरोपात काही देशांत अशी पद्धत त्याआधीच होती. पण जिथून आपल्यावर राज्य चालायचं त्या ब्रिटनमध्ये देशांतर्गत कॅश ऑन डिलिव्हरी यायला 1926 साल उजाडलं. म्हणजे लंडनच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं आपल्याकडे लोक पोस्टमनच्या हातात पैसे ठेवून पार्सल घेत होते.

हे तेव्हाच का शक्य झालं? कारण खालचे लेयर तयार होते. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली आणि पुढच्या पंचवीस वर्षांत रुळांचं जाळं देशभर पसरत गेलं. 1854 मध्ये देशभर पत्राचा एकच दर आला, अर्धा आणा, अंतर कितीही असो. म्हणजे मुंबईतल्या दुकानदाराची जाहिरात आणि यादी खेड्यात पोचू शकत होती, तिथून ऑर्डर येऊ शकत होती, वस्तूही जाऊ शकत होती. अडत होतं फक्त एका प्रश्नापाशी. आधी कोणी द्यायचं? दुकानदार म्हणणार आधी पैसे, गिऱ्हाईक म्हणणार आधी माल. दोघं एकमेकांना आयुष्यात भेटणार नाहीत. अगदी मावशी आणि ती गडचिरोलीची मुलगी.

व्ही.पी.ने यात तिसरा माणूस उभा केला. विक्रेता पोस्टात पार्सल देताना लिहून द्यायचा की एवढी रक्कम वसूल करा. पार्सल गावच्या पोस्टात जायचं. गिऱ्हाइकाने पैसे भरले तर पार्सल त्याच्या हातात आणि पैसे विक्रेत्याकडे. ठरलेल्या मुदतीत नाही सोडवलं तर पार्सल आल्या वाटेने परत. आपण इंजिनिअर लोक याला ट्रान्झॅक्शन म्हणतो. दोन्ही गोष्टी होतील किंवा एकही होणार नाही, मध्येच काही अडकणार नाही. 1880 मध्ये पोस्टाने मनीऑर्डरही हातात घेतली आणि वसूल झालेले पैसे उलट पाठवायची सोय आणखी पक्की झाली.

ऐकायला भारी वाटतं ना? पण रोलबॅक फुकट नव्हता. पार्सल परत आलं तर दोन्ही बाजूंचा वेळ गेला आणि पाठवायचा खर्च विक्रेत्याच्या डोक्यावर. मावशीचं दुखणं तेव्हापासूनचं आहे.

आणि फसवणूक? ती तर सिस्टीमच्या पहिल्या व्हर्जनपासून होती. व्ही.पी.त आधी पैसे, मग खोका उघडायचा. त्यामुळे घड्याळाची जाहिरात करून खोक्यात भलतंच काही पाठवायचं, हा मार्ग मोकळा होता. दुसरा प्रकार याहून चलाख. कोणी काही मागवलेलंच नसताना व्ही.पी. पाठवून द्यायची. घरातल्या कोणाला वाटायचं की आपल्याच माणसाने मागवली असेल, आणि ते पैसे भरून मोकळे.

हे मी अंदाजाने सांगत नाहीये, कायद्यातच दिसतं. 1898 चा भारतीय टपाल कायदा काढा, कलम 34 आणि 35. पस्तिसाव्या कलमात सरकारला नियम करायचे अधिकार दिलेत, आणि ते वाचताना मला एखाद्या मोठ्या ॲपच्या फ्रॉड टीमची मीटिंग ऐकतोय असं वाटलं. एक नियम असा करता येईल की खरोखरची ऑर्डर आल्यावरच हे पाठवतोय, असं विक्रेत्याने लिहून दिल्याशिवाय व्ही.पी. स्वीकारायची नाही. दुसरा असा की फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम रोखून धरून गिऱ्हाइकाला परत द्यायची. पेमेंट होल्ड आणि रिफंड, 1898 मध्ये!

चौतिसाव्या कलमात सरकारने स्वतःलाही वाचवून घेतलंय. गिऱ्हाइकाकडून रक्कम प्रत्यक्ष हातात येत नाही तोवर त्या रकमेची कुठलीही जबाबदारी सरकारवर नाही. सोप्या मराठीत सांगायचं तर, "आम्ही मध्ये उभे आहोत, पण गिऱ्हाईक घेईलच याची हमी आमची नाही." हा कायदा सव्वाशे वर्षं चालला. त्याची जागा घेणारा नवा कायदा 2023 मध्ये झाला आणि जून 2024 मध्ये लागू झाला.

आता दुसरा प्रश्न. पार्सल वाटेत हरवलं किंवा खराब झालं तर नुकसान कोणाचं? इथे 1930 चा मालविक्री कायदा येतो. त्यातली एक गोष्ट वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल तर विकलेला माल विक्रीच्या वेळी जिथे असेल तिथेच द्यायचा. म्हणजे मुळातला नियम "या आणि घेऊन जा" असा आहे. घरपोच देणं हे दोघांच्या बोलण्यातून ठरतं. आपण ॲपवर वाढलेली पोरं, आपल्याला वाटतं की डिलिव्हरी हा जन्मसिद्ध हक्क आहे. (आजच्या ग्राहक कायद्याने आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यावर याहून जास्त जबाबदाऱ्या टाकल्यात, ते वेगळं. मी पाया कुठे आहे ते सांगतोय.)

त्याच कायद्यात पुढे असंही आहे की ठरल्याप्रमाणे माल वाहतूकदाराच्या हाती दिला की सर्वसाधारणपणे तो गिऱ्हाइकाला दिल्यासारखाच धरला जातो. पण विक्रेत्याने "पैसे मिळेपर्यंत माल माझा" अशी अट राखून ठेवली तर मालकी त्याच्याकडेच राहते. म्हणून आधी पैसे भरून मागवलेलं पार्सल आणि सीओडीचं पार्सल एकाच व्हॅनमध्ये शेजारीशेजारी असलं, तरी ते वाटेत कोणाचं आहे याचं उत्तर वेगळं असू शकतं.

यावर सुप्रीम कोर्टाचा एक खटला सांगतो, आणि तो मावशीच्या घरापासून फार लांबचा नाही. कराडजवळ ओगलेवाडी आहे. तिथल्या ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील आजोबांना विचारा, ते डोळे मिटून वर्णन करतील. स्वातंत्र्याआधी ओगलेवाडी औंध संस्थानात होती, म्हणजे ब्रिटिश भारताच्या हद्दीबाहेर. कारखान्याने भारत सरकारला माल विकला. कारखान्याने बिलात रक्कम चेकने द्यावी असं लिहिलं, सरकारने दिल्लीहून चेक पोस्टाने पाठवले आणि ते ओगलेवाडीला मिळाले.

मग इन्कम टॅक्सवाले आले. प्रश्न एकच होता, पैसे मिळाले कुठे? ओगलेवाडीत मिळाले असतील तर ते ब्रिटिश भारतात मिळालेलं उत्पन्न नव्हे. दिल्लीत मिळाले असतील तर कर लागणार. 1954 मध्ये सुप्रीम कोर्टाने कारखान्याच्या विरोधात निकाल दिला. त्यातलं तत्त्व असं की पैसे घेणाऱ्यानेच, स्पष्टपणे किंवा वागण्यातून, पोस्टाने पाठवा असं सांगितलं असेल तर पोस्ट हे घेणाऱ्याचं प्रतिनिधी ठरतं. पाकीट दिल्लीच्या पोस्टात पडलं त्याच क्षणी पैसे कारखान्याला मिळाले.

एका साध्या विनंतीवर सगळा खटला फिरला. म्हणून मावशीला मी म्हणालो, चॅटमधलं "कुरिअरनेच पाठवा", "शेजाऱ्यांकडे द्या", "वॉचमनकडे ठेवा" हे असलं काही डिलीट करायचं नाही. कोणी काय मागितलं ते लेखी असायला हवं. फोनवर ठरलं असेल तर खाली एक ओळ टाइप करायची, "तुम्ही सांगितल्याप्रमाणे असं असं पाठवतेय, बरोबर ना?" आणि समोरून "हो" येईपर्यंत पार्सल बांधायचं नाही. 1898 च्या कायद्यातली ती "खरोखरची ऑर्डर" यापेक्षा वेगळी काय होती?

तिसरा प्रश्न पत्त्याचा. एकाच नावाची गावं किती असतात! वडगाव म्हटलं की कुठलं वडगाव? त्यात पत्ता कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी तमिळमध्ये. यावर उत्तर आलं 15 ऑगस्ट 1972 ला, पिन कोड. तो आणणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपले मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. सहा आकड्यांतले पहिले तीन जिल्हा-पातळीच्या वर्गवारीचे, शेवटचे तीन नेमक्या पोस्ट ऑफिसचे. मुंबई 400, पुणे 411, गोवा 403. सांगलीचा तर 416416, म्हणजे विसरायचीच सोय नाही.

तरी मावशीची तिसरी गोधडी पत्ता सापडला नाही म्हणून परत आली. का? कारण पिन पोस्ट ऑफिसपर्यंत नेतो, दारापर्यंत नाही. शेवटचं अंतर पोस्टमन स्वतःच्या ओळखीवर कापायचा. त्याला माहीत असायचं की पाटलांचं घर म्हणजे पिंपळामागचं. आजचा डिलिव्हरीवाला रोज वेगळ्या भागात फिरतो, त्याला पिंपळ माहीत नसतो. म्हणून खूण आणि दुसरा फोन नंबर विचारून घेतलाच पाहिजे.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. फ्लिपकार्ट 2007 मध्ये पुस्तकांपासून सुरू झालं आणि 2010 मध्ये त्यांनी कॅश ऑन डिलिव्हरी आणली. तेव्हा सगळ्यांना ती भन्नाट नवी कल्पना वाटली. यूपीआय आलं 2016 मध्ये. पैसे पाठवणं आता दोन सेकंदांचं काम आहे, पण आधी कोणी द्यायचं हा प्रश्न 1877 मध्ये होता तिथेच उभा आहे. पैसे किती वेगाने जातात याने तो सुटत नाही, कारण तो भरवशाचा प्रश्न आहे.

मोठ्या कंपन्या शंभरातली काही पार्सलं परत येणार हे धरूनच हिशोब मांडतात. मावशी महिन्याला आठ गोधड्या शिवते. तिच्यासाठी तीन परत येणं म्हणजे अर्धा महिना बुडणं. म्हणून व्ही.पी. जशीच्या तशी उचलून तिला चालणार नव्हती. आम्ही दोघांनी बसून एक मधला रस्ता काढला. त्या मुलीला मावशीने असं लिहिलं:

"गोधडी मी व्हिडिओ कॉलवर उलगडून दाखवते. आवडली तर फक्त पाठवायचा खर्च आधी द्या, बाकीचे पैसे हातात आल्यावर. कोणत्या तारखांना घरी कोणी असेल ते सांगा. पिन कोड, जवळची खूण आणि घरातला दुसरा एक नंबर द्या."

यात दोघींनी थोडी थोडी जोखीम घेतली. मुलगी फसली तर पाठवणीपुरती फसेल. मावशी फसली तर परतीच्या खर्चापुरती. आणि जिने आधी थोडे का होईना पैसे भरलेत, ती दार उघडायची शक्यता जास्त, हा माझा अंदाज. मावशीचा अंदाज वेगळा आहे. ती म्हणते, "जी आईच्या साठीसाठी गोधडी मागवते ती परत पाठवणार नाही."

मुलीचं उत्तर दहा मिनिटांत आलं. व्हिडिओ कॉल झाला, त्यात गोधडी पाच मिनिटं आणि गप्पा पाऊण तास. हे रेकॉर्ड करतोय तेव्हा ट्रॅकिंगवर पार्सल नागपूरपर्यंत पोचलेलं दिसतंय. मावशी मला दिवसातून तीनदा विचारते, "कुठे आली रे?" एकशे पंचवीस वर्षांपूर्वीचा दुकानदार मनीऑर्डरची अशीच वाट बघत बसला असेल, फक्त त्याला रिफ्रेश करायला बटण नव्हतं.

तुमच्या घरात कोणी व्ही.पी. सोडवली असेल, किंवा खोक्यातून भलतंच निघालं असेल, तर आजी-आजोबांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडला त्यातल्या काही ऐकवू. आणि कोणी तुमच्याकडे सीओडीने काही मागवलं असेल तर पाठवायच्या आधी एकदा फोन करा. तुम्ही मागवलं असेल तर कृपया तो उचला.

भेटू पुढच्या आठवड्यात!